राहता कुठे?

तिघी बहिणींतली ती दुसरी, म्हणून तिचं नाव पडलं मधली. झोपताना थोरलीला खिडकीकडची बाजू, धाकटीला भिंतीकडची आणि हिला मध्ये, जिथे लाथा दोन्हीकडून येतात आणि पांघरूण दोन्हीकडे जातं. "तुला कुठली जागा हवी गं?" असं कुणी चुकून विचारलंच, तर हिचं उत्तर ठरलेलं: "मला काय, कुठलीही चालेल." आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमची मधली म्हणजे अगदी गाय हो!" गाईचं म्हणणं काय, ते कुणी विचारलं नव्हतं.

ही मधली पुढे कवळ्या करायला शिकली. मोठ्या शहरात, एका अरुंद गल्लीत, दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा कारखाना होता; बसवायलाही डॉक्टर माणसं इथेच धाडत. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पोटमाळा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. सकाळी दार उघडलं की शंभरेक माणसं दात विचकून स्वागत करायची आणि त्यातल्या एकाचंही डोकं जागेवर नसायचं. मधली ठशावरून साचा घ्यायची, मेणात एकेक दात बसवायची, मेण जाऊन गुलाबी हिरडी आली की घासून घासून ओली दिसेपर्यंत चमकवायची. तिच्या नखांत प्लास्टर कायमचं मुक्कामाला होतं.

कारखान्याचे प्रमुख म्हणजे वस्ताद. बुटके, जाड भिवयांचे आणि बोलण्यात इतके काटकसरी, की "चहा" म्हणायचं असेल तर नुसता "च" म्हणून थांबत. पण कवळी तपासायची त्यांची एक रीत होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. बाकीचे कवळी बसवून गिऱ्हाइकाला आकडे म्हणायला लावतात. वस्ताद म्हणायचे, "आकडे म्हणताना माणूस शाळेत जातो. सावध बोलतो." ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, नवी कवळी चढवायचे आणि सहज विचारायचे, "राहता कुठे?"

झालं! माणूस सुटायचा. "असे सरळ या, पाण्याची टाकी लागेल, ती सोडा. पुढे एक कुत्रं भुंकेल. त्याला घाबरू नका, ते आमचंच." पत्ता सांगताना कुणाचं लक्ष तोंडाकडे नसतं, घराकडे असतं. हात हलतात, मान वळते, जीभ मोकळी धावते. तेवढ्यात वस्तादांनी ऐकलेलं असायचं. 'स'ला शिट्टी वाजली, की दात किंचित सरकवा. 'फ' अडकला, की वरचे पुढचे लांब झालेत. बोलताना खटखट झाली, की उंची जास्त. लग्नाआधी मधली शेजारी उभी राहून शिकली. दोन-तीन वर्षांत तिचा कान असा तयार झाला, की गिऱ्हाईक 'सरळ' म्हणायच्या आत हिचा हात कवळी घासायच्या कानशीकडे जायचा.

एकदा एक आजी आल्या. कवळी झकास बसली होती. वस्तादांनी विचारलं, "राहता कुठे?" आजी म्हणाल्या, "मुलाकडे... म्हणजे आता सुनेकडे... म्हणजे वरच्या मजल्यावर, जागा आहे तशी." मधलीने कानस उचलली. वस्तादांनी तिचा हात धरला आणि आजी गेल्यावर म्हणाले, "ठेव ती. कवळी चांगली आहे. अडखळतंय ते माणूस."

मधली स्वतः कुठे राहते, हे मात्र वस्तादांनी तिला कधी विचारलं नव्हतं. बरंच होतं. कारण तो एक मोठा विनोद होता.

तिचा नवरा मत्स्यबीज केंद्रात होता. म्हणजे माशांची बोटभर पिल्लं वाढवायची, त्यांना खाऊ घालायचं, हौदाचं पाणी बदलायचं आणि मोठी झाली की तलावात सोडून द्यायची. केंद्र मोठ्या शहरापासून लांब, दुसऱ्या टोकाला, तलावाकाठच्या एका गावात. तिथे नोकरीत वर चढायला जिनाच नव्हता. जिथे लागलात तिथेच निवृत्त व्हा. पण हवा अशी की खिडकी उघडून झोपावं आणि सकाळी उशीवर धूळ नसावी. उलट मोठ्या शहरात मधलीच्या हाताला किंमत होती, पण तिथल्या पगारात मिळणारी खोली कपाटाएवढी, आणि कपाटालाही निदान दोन दारं असतात. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आणि दात करणारीच्याच घरात ही गत!

लग्न ठरलं तेव्हा 'राहायचं कुठे' यावर दोघांची बोलणी झाली, ती अशी:

"अगं, तू सांग."

"नाही अहो, तुम्ही सांगा."

"हं... मला काय, तुझं काम महत्त्वाचं."

"मला काय, तुमच्या तब्येतीला ती हवा मानवते."

"मग तुझं काय म्हणणं?"

"मला काय, कुठेही चालेल."

तो शांत स्वभावाचा, ती गाय. कित्येक संध्याकाळी हे असं चाललं. दोघांपैकी एकानेही "मला अमुक हवं" हे तीन शब्द तोंडाबाहेर काढले नाहीत, कारण काढणारा वाईट ठरला असता. शेवटी नवऱ्याने खिशातून जाळं शिवायचा दोरा काढला. भिंतीवरच्या नकाशावर एक टोक तलावावर, दुसरं मोठ्या शहरावर. दोरा दुमडला, मध्यावर गाठ मारली आणि गाठ जिथे पडली तिथे बोट ठेवलं. बोटाखाली एक चौक होता.

चौकात एक दलाल भेटला. "एकदम मधोमध, ताई! एकदम! इकडे बघितलं तर इकडचं, तिकडे बघितलं तर तिकडचं. असा पॉइंट सापडत नाही!" घर गादीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून चौक, पेट्रोल पंप आणि ट्रकच ट्रक. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"चालेल?"

"तुम्हाला चालत असेल तर."

आणि ते चाललं. वर्षानुवर्षं चाललं. सकाळी दोघं एकदम जिना उतरायचे आणि रस्त्याच्या दोन बाजूंच्या दोन थांब्यांवर समोरासमोर उभे राहायचे. तिची बस एकीकडे, त्याची दुसरीकडे, मधून ट्रक. "डबा घेतलात का?" "काय?" "डबा!" "हो, घातला!" "काय घातला?" "स्वेटर!" तेवढ्यात एकाची बस यायची. संसाराचं निम्मं बोलणं असं डिझेलच्या धुरात विरून जायचं. तिला शहराचं काम पुरतं मिळेना, त्याला तलावाची संध्याकाळ मिळेना. संध्याकाळची शेवटची बस गाठायची म्हणून मधली रोज प्लास्टर अर्धवट सुकलेलं टाकून पळायची. आणि खरी बसवणूक तर संध्याकाळीच व्हायची. लोक आपापली कामं आटपून तेव्हाच येत. तिने बसवलेले बहुतेक दात संध्याकाळी पहिल्यांदा बोलत, आणि ती तेव्हा बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलेली असे.

त्या सोमवारी वस्ताद तोंडावर रुमाल धरून आले. आठवडाभर तो रुमाल हलला नाही. सर्दी असेल, असं सगळ्यांना वाटलं. सोमवारीच दुपारी त्यांनी मधलीला पोटमाळ्यावर बोलावलं.

"पोरी, माझी खुर्ची रिकामी होतेय. ही वरची खोलीपण. मालक म्हणाले नाव सांगा, मी तुझं सांगितलं. फक्त इथे राहावं लागेल. संध्याकाळच्या माणसांसाठी." वस्तादांच्या हिशेबाने हे लांबलचक भाषण होतं, आणि रुमालातून ते निम्मं गुदमरूनच येत होतं.

मधलीचे कान गरम झाले. संध्याकाळची माणसं! आपण केलेला प्रत्येक दात बोलताना ऐकायचा. वाकडा वाजला तर तिथल्या तिथे सरळ करायचा. याहून जास्त तिने कधी काही मागितलं नव्हतं. तसं मागितलं तर हेही नव्हतं.

"मला काय..." ती म्हणाली. "चालेल."

वस्तादांच्या भिवया रुमालाच्या वर चढल्या. "चालेल नको. हवी का?"

मधलीची दातखिळी बसली. खालचे शंभर जबडे फळीवरून तिच्याकडे बघत होते आणि तिचा एक उघडत नव्हता.

"शुक्रवारपर्यंत सांग," वस्ताद म्हणाले. "नाहीतर मालक चष्मेवाल्याला देतील." चष्मेवाला म्हणजे पॉलिशच्या चाकावर बसणारा. माणूस भला, पण चाकाच्या घरघरीने कान गेलेले.

बसमध्ये तिने बहिणींना फोन लावले. थोरलीचा आवाज नेहमीसारखा फळ्यावर खडू ओढल्यासारखा: "खुर्ची सोडलीस ना, तर माझ्याशी बोलूच नकोस! हवा खाऊन कुणी मोठं झालंय का आजवर?" धाकटी नेहमीसारखी जांभई देत: "खुर्चीत बसून काय मिळणारे तुला, पाठदुखी? त्यापेक्षा तलावावर जाऊन राहा की बाई. जगा जरा!" दोघींचं म्हणणं तिला पटलं. हीच तर अडचण होती. दोन्हीकडून लाथा आणि पांघरूण कुठेच नाही.

घरी मुलगी होती. तेरा वर्षांची. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण एकदा लागली की कुठलंही स्टेशन पकडायची. बस थांबल्याचा सुस्कारा, पेट्रोल पंपावरची घंटी, मुख्याध्यापिका, कुणीही. शाळेतून आली की ती आईबाबा येईपर्यंत खाली गादीच्या दुकानात रचलेल्या गाद्यांच्या ढिगावर चढून अभ्यास करायची आणि गादीवाल्या काकांना त्यांच्याच आवाजात हैराण करायची. "काका, ही गादी अशी आहे, अशी आहे, की झोपलात तर उठायला माणूस बोलवावा लागेल!" काका रागावायचे, मग गिऱ्हाइकासमोर तेच वाक्य वापरायचे.

त्या रात्री जेवताना मधलीने खुर्चीचं सांगितलं. ताटाकडे बघत, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

नवऱ्याने घास थांबवला. "हं..." म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"तुम्हीच सांगा ना."

"नाही, तू सांग. काम तुझं आहे."

"पण तुमचं केंद्र..."

"माझं काय एवढं."

तेवढ्यात रेडिओने चमचा माइकसारखा धरला. आधी बाबांचा पाण्याखालून आल्यासारखा आवाज: "हं... अगं, तू सांग." मग आईचा, मान किंचित कलती करून: "नाही अहो, तुम्ही सांगा. मला काय, गाढवाच्या पाठीवर राहायचं तरी चालेल." परत बाबा: "हं... मग दोरा आणतो. गाढवाचा मध्य काढू." आणि शेवटी उठून उभी राहत, आईबाबांकडून शंभरदा ऐकलेला दलाल: "एकदम मधोमध, ताई! एकदम! डोक्याकडून बघितलं तर डोक्याचं, शेपटीकडून बघितलं तर शेपटीचं!"

नवऱ्याला ठसका लागला. मधली हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि पुसतानाच तिच्या तोंडून निघून गेलं, "मला हवीय ती खुर्ची."

रेडिओने चमचा तिच्यासमोर धरला.

"मला तिथे राहायचंय," ती म्हणाली. शब्द चवीला विचित्र लागले, नव्या कवळीने पहिला घास खावा तसे.

नवऱ्याने बोटांनी ताटाची कड पुसली. मग म्हणाला, "मला नाही यायचं." हेही तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता. "तिथे मी बादलीतल्या माशासारखा होईन गं. श्वासासाठी सारखं तोंड वर."

"मग तुम्ही तिकडे राहा."

"आणि तू तिथे. सुट्टीच्या दिवशी भेटत जाऊ. निदान भेटल्यावर ओरडावं तरी लागणार नाही."

आणि दोघांना एकदम हलकं वाटलं. "हे घर सोडूनच देऊ," तो म्हणाला. "कसले ते हॉर्न!" "आणि धूळ!" "आणि तो नळ, खोकल्याशिवाय पाणी देत नाही!" "दोऱ्याच्या गाठीत राहतोय आपण इतकी वर्षं!" दोघं चढाओढीने घराला शिव्या देत होते. लग्नानंतर इतकं एकमत त्यांचं कशावर झालं नव्हतं.

"हे घर तसं आहे तरी कुणाचं?" मधली म्हणाली. "कुणाचंच नाही."

"माझंय."

मधलीने वळून बघितलं. आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. खोलीत दुसरं कुणी आलंय की काय, असं क्षणभर वाटलं. रेडिओ चमचा खाली ठेवून बसली होती. तो तिचा स्वतःचा आवाज होता, कुणाचाही उसना न घेतलेला.

"मला इथून नाही जायचं," ती म्हणाली. "माझी शाळा इथे आहे. पंपावरची माझी मैत्रीण आहे. मला हॉर्नवरून कुठली बस आली ते कळतं. काकांनी माझ्यासाठी वरची गादी विकायची नाही असं ठरवलंय. तुम्ही दोघं इथे झोपायला येता. मी इथे राहते."

मधलीचा कान सवयीने काम करत होता. 'शाळा'त शिट्टी नाही. 'पंप' अडकला नाही. कुठे खटखट नाही. एवढा साफ पत्ता तिने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

दोघं तिच्याकडे बघतच राहिले, तशी रेडिओ घाबरली आणि घाईघाईने दलालाचा हात हवेत फिरवून म्हणाली, "एकदम मधोमध, ताई!" कुणी हसलं नाही.

पुढचे दिवस मधलीने स्वतःशी वकिली केली. लेकरं रुळतात. सगळ्यांची रुळतात. एखादं वर्ष रडेल, मग शहरातही स्टेशनं पकडेल. आपण इतकी वर्षं थांबलो, आपला नंबर कधी? थोरलीच्या आवाजात हे सगळं फार खरं वाटायचं. गुरुवारी सकाळी वेणी घालता घालता तिने हळूच चाचपून बघितलं.

"समज, गेलोच आपण दोघी तिकडे, तर?"

रेडिओने आरशात आईकडे बघितलं. आईचा चेहरा तिने नीट वाचला. किती हवंय, ते बघितलं. मग मान किंचित कलती करून म्हणाली, "मला काय, कुठेही चालेल."

मधलीचा हात वेणीत अडकला. नक्कल इतकी हुबेहूब होती, की अंगावर काटा यावा. फक्त पोरगी नक्कल करत नव्हती.

शुक्रवारी दुपारी वस्तादांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि रुमाल काढला. मधली बघतच राहिली. वस्तादांचे वरचे सगळे दात गेले होते. आठवड्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाची म्हणून जी कवळी तिने जीव ओतून केली होती, ती वस्तादांची होती.

"बशव," ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचा 'स' पार वाहून गेला होता.

तिने त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं, कवळी चढवली, अंगठ्याने दाबली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न स्वतः विचारला. "राहता कुठे, वस्ताद?"

"आजपर्यंत इथे वरच. सोमवारपासून... भावाकडे. नदी ओलांडली की शाळेमागचं घर. सावली आहे म्हणतात."

मधलीने कानस उचलली नाही. "कवळीत दोष नाही," ती म्हणाली.

वस्ताद हसले. नव्या दातांनी हसले, आणि ते हसू तिचंच होतं, तिने मेणात बसवलेलं. मग उठून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. खुर्ची तिच्या पाठीला अशी लागली, जशी तिच्याच मापाचा ठसा घेऊन केलेली.

"आता तू सांग. राहतेस कुठे?"

मधली बोलायला लागली. "चौकात या. गादीचं दुकान विचारा, त्यावर तिसरा मजला. समोरासमोर दोन थांबे आहेत, कुठेही उतरलात तरी तेवढंच अंतर. संध्याकाळी आलात तर माझी मुलगी खालीच असते, गाद्यांवर. ती सोबत वर आणील. सगळे आवाज काढेल, घाबरू नका, ती आमचीच."

सांगून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की जीभ कुठेच अडली नाही. वस्तादांच्याही आलं. त्यांच्या भिवया खाली उतरल्या.

"म्हणजे खुर्ची नको."

"हवी आहे," मधली म्हणाली. "खूप हवी आहे. घेत नाही."

वस्तादांनी रुमालाची घडी घातली. म्हणाले, "चष्मेवाल्याला 'स' ऐकू येत नाही."

"माहितीये."

"तू केलेले दात त्याच्या हाती जातील."

"माहितीये, वस्ताद. पुन्हा पुन्हा सांगू नका."

ती उठली. हात धुतले, नखांतलं प्लास्टर तसंच राहिलं. पिशवी घेतली. एक साचा अजून ओला होता, तो नेहमीसारखा टाकला. दारात संध्याकाळचं पहिलं गिऱ्हाईक भेटलं, गळपट्टा गुंडाळलेले एक आजोबा. त्यांचे दात तिनेच केले होते, मंगळवारी. पायरी उतरता उतरता तिला मागे ऐकू आलं. वस्ताद सामान बांधायला वर गेले होते; खुर्चीपाशी आता चष्मेवाला होता. त्याने कवळी चढवली आणि घसा खाकरून, वस्तादांसारखं विचारायचा प्रयत्न करत म्हटलं, "राहता कुठे?"

"सरळ या," आजोबा उत्साहाने म्हणाले, "सगळ्यांत शेवटी..."

शिट्टी. स्पष्ट शिट्टी. समोरचे दोन केसभर मागे घ्यायला हवे होते.

"झकास!" चष्मेवाला म्हणाला. "एकदम झकास बसलीय!"

मधली पायरीवर थांबली. वळली असती, कानस उचलली असती, एवढंसंच काम होतं. गल्लीच्या तोंडाशी बसने हॉर्न दिला. एक लांब, मग एक तुटका. हॉर्नवरून कुठली बस ते आता तिलाही कळायला लागलं होतं.

ती पळाली. बस मिळाली, खिडकीही मिळाली. आजोबा आता रोज 'सरळ' म्हणताना शिट्टी घालणार, आणि घरातल्या कुणाला ते कळणारही नाही. तिखट कानाचं एखादं पोरगं मात्र हुबेहूब त्यांची नक्कल करील. चौक येईपर्यंत मधली आपल्याच दातांमागे जीभ टेकवून हळूच म्हणत राहिली, "सरळ. सगळ्यांत. शेवटी." तिचे दोन्ही 'स' ठणठणीत होते.